पाचवा इनपुट रिकामा होता

हे मी कुठे वाचलेलं नाही, कोणाकडून उडत उडत ऐकलेलंही नाही. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या घरात घडलं. बरंचसं तिच्या नवऱ्याने मला सांगितलं आणि शेवटचं माझ्यासमोर झालं.

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मला कोणाला काही पटवायचं नाही.

यात अमावास्या नाही, स्मशान नाही, पांढऱ्या कपड्यातली बाईसुद्धा नाही. रविवारची भरदुपार होती. चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. समोरच्या बाल्कनीत कोणाच्या तरी चादरी वाळत होत्या. जे काही आलं, ते अशा लख्ख उन्हात आलं.

बहिणीला आम्ही सगळे धाकटीच म्हणतो. बालवाडीत शिकवते... शिकवायची. मुलखाची बडबडी. दारात चप्पल काढता काढता तिचा पट्टा सुरू व्हायचा तो थेट झोपेपर्यंत. आमचे वडील म्हणायचे, हिला गप्प बसायला सांगण्यापेक्षा नळाला सांगावं.

आणि नवरा मिळाला तो कानसेन! हे नाव मीच ठेवलंय. गाता येत नाही, वाजवता येत नाही, पण ऐकण्याच्या बाबतीत स्वारीचा हात धरणारा कोणी नाही. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतो. "आता बरं दिसतंय की मघाशी?" हे वाक्य दिवसातून शंभरदा. घरी आला की गाणी ऐकायची यंत्रणा उघडून बसायचा आणि धाकटीला विचारायचा, "आता बरं ऐकू येतंय की मघाशी?"

ती उत्तर द्यायची. पण तोपर्यंत त्याचं डोकं पुन्हा तारांत गेलेलं असायचं.

माणूस वाईट नाही हो. फक्त त्याला स्पीकरमधून आलेलं सगळं ऐकू यायचं आणि स्वयंपाकघरातून आलेलं काहीच ऐकू यायचं नाही.

एक डबिंग स्टुडिओ बंद पडला, तिथलं सामान विकायला निघालं होतं. तिथून त्याने एक काळा, चपटा, लोखंडी डबा आणला. ऑडिओ इंटरफेस. स्टुडिओत वापरतात तो. आठ आवाज आत घ्यायचे, आठ बाहेर सोडायचे. आत येणाऱ्या प्रत्येक वाटेला इनपुट म्हणतात. इनपुटवर आवाज आला की डब्याच्या पुढच्या बाजूला त्याचा हिरवा दिवा लागतो.

"आपल्याला कान दोन. आठ वाटा कशाला?" धाकटीने विचारलं.

"अगं, खर्जाचा स्पीकर वेगळा, मधल्या आवाजाचा वेगळा, बारीक आवाजाचा वेगळा. प्रत्येकाला स्वतःची तार, स्वतःचा ॲम्प्लिफायर. दोन्ही बाजूंचे मिळून सहा. कॉम्प्युटर गाणं वाटून देतो, डबा ते ज्याच्या त्याच्याकडे पोचवतो. कोणी कोणाच्या मध्ये येत नाही."

"बरं. आणि बायकोला कुठल्या तारेने जोडलंय?"

तो हसला. पण ऐकून हसला की नुसताच हसला, हे तिला कळलं नाही. हे तिने मला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं. हसत हसतच सांगितलं होतं.

घरी लागतात ते आऊटपुट, म्हणजे बाहेर सोडायच्या वाटा. आठही इनपुट तसे बिनकामाचे. फक्त आठव्यात त्याने एक माईक लावला होता, खोली मोजायला. या शौकिनांची ती रीतच असते. आपण जिथे बसून ऐकतो तिथे माईक उभा करायचा, स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत चढत जाणारी शिट्टी सोडायची, आणि खोली कुठे घुमते ते कॉम्प्युटरला सांगायचं.

त्या रविवारी ते मोजून झालं. पण कानसेनचं समाधान होईना. दोन गाण्यांच्या मधली शांतता त्याला हवी तशी काळीकुट्ट मिळत नव्हती. मागे कसली तरी घरघर होती.

कॉम्प्युटरमध्ये त्यालाही उपाय होता. नको असलेल्या आवाजाचा नमुना घ्यायचा. मग यंत्र त्या आवाजाच्या बरोब्बर उलटा आवाज सोडतं आणि दोघं एकमेकांना खातात. विमानात कानाला लावतात त्यातही हेच असतं.

खोलीत हे नीट चालत नाही, हे त्यालाही माहीत होतं. फार तर खुर्चीपुरतं चालेल, म्हणाला. बघू तरी.

त्याने नमुना घ्यायला सुरुवात केली.

फ्रिज घुरघुरत होता. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. न्हाणीघरातला नळ ठिबकत होता. टेबलाखालून मांजर एकदा म्याँव करून गेलं. आणि अगदी शेवटी, स्वयंपाकघरातून...

"अहो, ऐकताय का?"

कानसेन गप्प बसला.

मुद्दाम नाही. बोललो असतो तर माझा आवाज नमुन्यात आला असता, असं तो म्हणतो. श्वाससुद्धा रोखून धरला होता त्याने. मग नमुना संपला. खरं तर पुसून पुन्हा घ्यायला हवा होता. पण कंटाळा केला. बायकोची हाक काय, दिवसभर येतच असते. चालून जाईल.

आणि त्याने 'वजा करा'चं बटण दाबलं.

आधी फ्रिज गप्प झाला.

कानसेन उडालाच. खुर्चीतून उठला, स्वयंपाकघरात गेला. तिथेही आवाज नाही! फ्रिज आतून थंडगार, दिवा लागतोय, वर हात ठेवला तर थरथरतोय. पण घरघर नाही. त्याने धाकटीला हाताला धरून आणलं. "बघ, बघ!" तीसुद्धा कौतुकाने म्हणाली, "चला, त्या खोक्याचा काहीतरी उपयोग झाला."

डब्यावर पहिला हिरवा दिवा लागला होता.

पहिल्या इनपुटला तार नव्हती.

त्याने तो इनपुट स्पीकरवर घेतला... आणि फ्रिज ऐकू आला. अगदी स्पष्ट. गंमत आहे, कुठून तरी उसना सिग्नल येतोय, असं म्हणून त्याने सोडून दिलं.

दोन-तीन दिवसांनी घड्याळ गेलं. काटे फिरत होते, टिकटिक नव्हती. दुसरा दिवा लागला.

मग नळ. थेंब पडताना दिसायचे, बादलीत वर्तुळं उठायची. आवाज शून्य. तिसरा दिवा.

आता मात्र कानसेनला गंमत वाटेना. त्याने कॉम्प्युटर बंद केला, स्पीकरच्या सगळ्या तारा काढल्या. म्हणजे उलटा आवाज सोडणार कोण? कोणीच नाही.

तरी फ्रिज मुकाच.

मग एका सकाळी धाकटी दूध ओतत होती. मांजर पायाशी घोटाळत होतं. त्याने वर पाहिलं, तोंड उघडलं... आणि काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. गुलाबी जीभ दिसत होती, दात दिसत होते. त्या मुक्या जिवाला स्वतःलाही कळेना काय झालंय. ते मागे मागे सरकलं, दारातून जिन्यात पळालं. कानसेन मागे धावला. खालच्या मजल्यावर ते भिंतीला चिकटून बसलं होतं आणि तिथेही नुसतं तोंड उघडत होतं.

म्हणजे घराबाहेर जाऊनही सुटका नव्हती.

मांजर परत आलं नाही. पण कानसेनने स्पीकर पुन्हा जोडून पाहिला, तेव्हा चौथ्या इनपुटवर ते ओरडत होतं.

तेव्हा कानसेनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याने तो रविवारचा नमुना काढून ऐकला. फ्रिज. घड्याळ. नळ. मांजर. सगळं त्याच क्रमाने.

आणि मग...

"अहो, ऐकताय का?"

त्यापुढे काही ऐकायचा त्याला धीर झाला नाही. त्याने तिथेच थांबवलं, नमुना पुसून टाकला, डब्याची वायर भिंतीतून उपटली, डबा जुन्या रजईत गुंडाळून माळ्यावर ढकलला. ज्याच्याकडून आणला त्या स्टुडिओवाल्याला फोन लावला.

"परत घ्या. पैसे नकोत."

"दिवे किती लागलेत?" त्याने विचारलं.

"चार. पण तुम्हाला कसं..."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर तो नंबर कधी लागलाच नाही.

धाकटीला त्याने यातलं काही सांगितलं नाही. तिला उगाच कशाला घाबरवा? पण ते चार-पाच दिवस तो तिच्या मागे मागे फिरत होता. सारखं "बोल ना, बोल ना" म्हणायचा. धाकटी मला फोनवर म्हणाली, "ताई, तुझ्या कानसेनला काय झालंय? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं ऐकतोय! दृष्ट लागेल गं."

तिचं ते बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं. मी म्हटलं होतं, "सुख बोचतंय का?"

काही झालं नाही. दुसरा आठवडा लागला. डबा माळ्यावर गप्प पडून होता. आणि माणूस शेवटी माणूसच. कानसेनचा धीर सुटला नाही, उलट आला. पुन्हा पेपर हातात आला. पुन्हा "हं... हं..." सुरू झालं.

त्या संध्याकाळी धाकटी बालवाडीतून आली. चप्पल काढता काढता पट्टा सुरू. दोन पोरांनी एका खेळण्यासाठी एकमेकांना चावे घेतले होते. दोघांच्या आया शाळेत आल्या. मग त्या आयांचंच जुंपलं. "आणि गंमत म्हणजे, ती जाड चष्म्याची बाई मला म्हणते..."

कानसेन पेपर वाचत होता.

छान शांत वाटलं त्याला. एक क्षण खरंच बरं वाटलं.

हे सांगताना तो माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला होता.

मग त्याने वर पाहिलं.

धाकटी समोर उभी होती. हातवारे करत होती, डोळे मोठे करत होती, हसत होती. ओठ हलत होते. ती अजून सांगतच होती. तिला स्वतःला कळलंच नव्हतं...

त्याचा चेहरा पाहून ती थांबली. तिने गळ्याला हात लावला. तोंड उघडलं. पुन्हा उघडलं.

थेट त्या मांजरासारखं.

कानसेन माळ्यावर चढला. रजई ओढली, डबा खाली आणला, वायर लावली. पहिला दिवा लागला नाही. दुसरा नाही, तिसरा नाही, चौथाही नाही. वायर उपटली तेव्हा जे आत होतं ते सगळं गेलं होतं. फ्रिजचा आवाज आता घरातही नव्हता आणि डब्यातही नव्हता. जगात कुठेच नव्हता.

पाचवा दिवा मात्र हिरवागार लागला होता.

पाचव्या इनपुटला तार नव्हती. त्याने बोट घालून पाहिलं. रिकामा होता. त्याने सगळं पुन्हा जोडलं आणि पाचवा इनपुट स्पीकरवर घेतला.

"...तुम्हीच शिकवता का चावायला! मी म्हटलं, बाई, आधी तुमच्या लेकाला घरी पोटभर खायला घाला!"

गोष्ट पूर्ण झाली. आणि मग धाकटी खळखळून हसली. स्पीकरमधली. खोलीतली धाकटी भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

कान-नाक-घशाचे डॉक्टर झाले. गळा ठणठणीत, म्हणाले. मोठ्या शहरातले डॉक्टर झाले. त्यांनी मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. बालवाडीवाल्यांनी महिनाभर वाट पाहिली, मग दुसरी बाई ठेवली. पोरांना मुकी बाई कशी चालणार? त्यांचंही काही चुकलं नाही.

डबा बंद करायची सोयच उरली नव्हती. बंद केला तर धाकटीचा आवाज फ्रिजच्याच वाटेने जाणार. वीज गेली तर म्हणून कानसेनने बॅटरी लावली, त्या बॅटरीला आणखी एक बॅटरी लावली. तो घराबाहेर पडेनासा झाला. दुकानातली नोकरी गेली ती गेलीच. ज्या आवाजाच्या वेळी पेपर उघडायचा, तो आवाज आता दिवसभर कानाशी धरून बसायचा.

आणि ऐकता ऐकता त्याच्या एक गोष्ट लक्षात आली.

ती मध्ये मध्ये थांबते.

बोलते, थांबते. मग हसते. मग "नाही हो, तसं नाही," म्हणते. माणूस समोरच्याशी बोलताना थांबतो तशी.

कोणाशी बोलतेय?

त्याने आवाज वाढवला. अजून वाढवला. पूर्ण वाढवला. त्या थांबण्यात काहीतरी होतं. अगदी बारीक. दूरच्या खोलीतून यावं तसं.

"हो, ऐकतोय."

पुरुषाचा आवाज.

कानसेनने पुसलेला नमुना कॉम्प्युटरच्या कचऱ्यातून परत काढला. या वेळी शेवटपर्यंत ऐकला. अहो, ऐकताय का? मग क्षणभर काही नाही. ज्या क्षणी तो खुर्चीत श्वास रोखून बसला होता, तो क्षण. आणि त्यानंतर, स्वच्छ...

"हो, ऐकतोय. बोल."

त्याने ओ दिली नव्हती. पण कोणीतरी दिली होती.

आणि आवाज त्याचाच होता. आताचा नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला. तेव्हा मी त्यांच्याकडे राहायला गेले की हा तिच्याशी असाच बोलायचा, मऊ, लक्ष देऊन. मला हेवा वाटायचा.

हे सगळं कळल्यावर मी गेले. दुपारीच गेले. दार कानसेनने उघडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. धाकटी दोन स्पीकरच्या मध्ये जमिनीवर बसली होती. मला पाहून हसली. मी तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. ती माझ्या खांद्यावर हुंदके देत होती, मला तिची पाठ हलताना जाणवत होती आणि कानाला काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं.

स्पीकरमधली धाकटी मात्र मजेत होती.

"ताई आलीय," ती म्हणाली. "घाबरलीय बिचारी."

मग थांबली.

"हो? विचारू तिला?"

कानसेन स्पीकरला तोंड लावून ओरडायला लागला, "अगं, मी ऐकतोय! मी इथे आहे! माझ्याशी बोल ना!" किती महिने तो हेच ओरडत होता, कोण जाणे. तिला त्याचं काही ऐकू जात नव्हतं. तिच्या "अहो"ला ओ देणारा आत वेगळाच होता.

"ताई..." स्पीकरमधून हाक आली. "ए ताई, ऐकतेस ना?"

माझ्या खांद्यावर टेकलेली धाकटी एकदम ताठ झाली. तिने माझ्या तोंडावर हात ठेवायला हात उचलला. जोरजोरात मान हलवत होती. नको, नको, नको.

पण लहानपणापासून या पोरीची एकही हाक मी वाया जाऊ दिलेली नाही. पडली, रडली, स्वप्नात दचकली, ती ताई म्हणायची आणि माझी ओ आधीच गेलेली असायची. सवय म्हणा, माया म्हणा. तोंड आपोआप उघडलं.

मी ओ दिली.

मला पक्कं माहीत आहे, मी दिली. घशातून निघाली, जिभेवरून गेली. पण खोलीत ती कोणालाच ऐकू आली नाही. मलासुद्धा नाही.

डब्यावर सहावा दिवा एकदाच लागला आणि विझला.

मी घरी परत आले ती धावतच. सगळ्या वाटेवर मोठमोठ्याने बोलून पाहत होते. येत होतं. आजही येतं. भाजीवाल्याशी घासाघीस करता येते, नवऱ्याशी भांडता येतं, हे एवढं सगळं तुम्हाला सांगता येतं. माझं काहीच गेलेलं नाही, असं डॉक्टर म्हणतात.

फक्त कोणी मला हाक मारली की तोंड उघडतं आणि ओ येत नाही. मुलगी शाळेतून येते, दारातून "आई" म्हणते. मी उठून, धावत जाऊन तिच्यासमोर उभी राहते, तेव्हा तिला कळतं की मी ऐकलं. हल्ली ती हाक मारायची कमी झाली आहे.

तिकडे डबा चालू आहे. बॅटऱ्या चालू आहेत. कानसेनचा परवा फोन आला होता. आतली धाकटी आता अधूनमधून गप्प असते, म्हणाला. ती गप्प असताना दुसराच एक आवाज तिच्याशी बोलतो, म्हणाला. बाईचा आहे. तिच्या प्रत्येक हाकेला लगेच ओ देतो.

"ताई, तुमचाच आहे," तो म्हणाला. "काय करू?"

"बॅटरी तेवढी संपू देऊ नका," मी म्हटलं.